तेंडुलकरांचं नाटक बसवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: तालुक्याच्या गावात आमचा नऊ जणांचा हौशी गट आहे, सहा पुरुष आणि तीन बायका. येत्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांचं नाटक करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. कोणतं घ्यावं? त्यांच्या संहितेत जागोजागी तीन ठिपके येतात, ते बोलायचे कसे? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेतलं तर त्यातल्या नायिकेचं, बेणारेचं, शेवटचं स्वगत कसं बसवावं? आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं नाटक आजच्या प्रेक्षकाला शिळं वाटेल का?

उत्तर:

नाटकाचं नाव आधी सांगून टाकतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. सहा पुरुष, दोन बायका, एका सभागृहाचं एकच नेपथ्य आणि एका संध्याकाळच्या आत घडून जाणारी गोष्ट. तुमच्या गटाला ते मापात बसतं. तिसऱ्या बाईला भूमिका नाही, पण तिच्यासाठी एक काम आहे आणि तालमीत त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काम नाही. ते पुढे सांगतो.

मी सत्तावीस वर्षं हौशी नाटकं बसवतोय. त्यात तेंडुलकरांची सात नाटकं झाली, काही दोनदा केली. पहिल्या तीन वेळा माझी एकच चूक झाली आणि ती कळायला फार वर्षं गेली. तेंडुलकर म्हणजे हिंसा, असं आम्ही ऐकत आलो होतो. म्हणून तालमीच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही मारहाण, शिव्या, किंचाळणं हे सगळं बसवून टाकायचो. प्रयोग व्हायचा, लोक हादरायचे, बक्षीसही मिळायचं. पण पहिल्या अंकाच्या मध्यापासून प्रेक्षक मान खाली घालून बसलेले असायचे. ते पुढचा फटका कधी येतो याची वाट बघत असायचे, समोरच्या माणसांकडे बघत नव्हते.

या नाटकांत हिंसा बाहेरून दार तोडून येत नाही. ती घरातच असते, चहाच्या कपाशेजारी, नवऱ्याने आणलेल्या वेणीशेजारी. ‘शांतता’मधले काशीकर पती-पत्नीच बघा. तो तिच्यासाठी वेणी घेतो, ती त्याच्यासाठी बुशशर्ट घेते, आणि हे चारचौघांत कौतुकाने सांगितलं जातं. त्या दोघांचं हे प्रेम खोटं नाही. खोटं समजून, चेष्टेच्या सुरात ते केलंत तर नाटक तिथेच संपलं. कारण पुढे बेणारेला खेचून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते ती हीच वेणी माळलेली बाई. प्रेक्षकाला पहिल्या अंकात ती आपल्या मावशीसारखी वाटली असेल, तरच तिसऱ्या अंकात त्याच्या पोटात गोळा येईल. म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी माणसांचं साधं वागणं बसवा. येणं-जाणं, सामान ठेवणं, पान लावणं, एकमेकांची थट्टा. हिंसेला तालमीच्या शेवटच्या दहा दिवसांपर्यंत हातच लावू नका. तोवर ती आपोआप वर आलेली असते, तुम्हाला फक्त आवरायची असते.

हे नाटक 1967 साली, याच राज्य नाट्य स्पर्धेसाठी, ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने केलं होतं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे. तुमच्यासारख्याच स्पर्धेतल्या गटासाठी लिहिलेलं नाटक पुढे देशभर अनेक भाषांत गेलं, ही गोष्ट तालमीच्या पहिल्या दिवशी गटाला जरूर सांगा. नाटकातली मंडळीही हौशीच आहेत. मुंबईहून एका गावात प्रयोग करायला आलेली, रात्रीच्या अभिरूप न्यायालयाच्या खेळाची वाट बघत बसलेली. रात्रीचा खटला आहे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दलचा. मधल्या वेळेत कोर्टाची पद्धत सामंत नावाच्या गावातल्या भाबड्या माणसाला कळावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करायचं ठरतं, आणि आरोपी कोण, तर गटातली शिक्षिका लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ कुठे संपला आणि शिकार कुठे सुरू झाली, ते ठिकाण बोट ठेवून दाखवता येत नाही. तेच या रचनेचं सामर्थ्य आहे. म्हणून दिग्दर्शकाने तिथे प्रकाश बदलून, संगीत टाकून ‘आता खरं सुरू झालं’ असं सांगायला जाऊ नये. मी तसं सांगितलं होतं. लाल दिवासुद्धा लावला होता. आज त्याची लाज वाटते.

आता ठिपक्यांबद्दल. तुमचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक गट ते ठिपके दिसूनही वाचत नाहीत.

तेंडुलकरांच्या आधीच्या आपल्या नाटकांत पात्रं बहुधा वाक्य पुरं करतात. नट ते वाक्य नीट उचलतो, शेवटच्या शब्दावर ठेवतो, टाळी घेतो. त्या परंपरेने मोठे नट घडवले, तिला मी कमी लेखत नाही. पण तेंडुलकर वर्तमानपत्रांत काम केलेला, माणसं कशी बोलतात हे कान देऊन ऐकलेला लेखक. माणूस खरं बोलताना वाक्य पुरं करतोच असं नाही, हे त्यांनी रंगमंचावर आणलं. त्यांच्या संहितेत वाक्य तुटतं तेव्हा त्याला कारण असतं. कधी बोलणाऱ्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलेलं असतं. कधी पुढचा शब्द त्या घरात उच्चारण्यासारखा नसतो. कधी बोलणारा वाट बघत असतो की समोरच्याने वाक्य पुरं करावं, म्हणजे दोष आपल्यावर येणार नाही. हे तिसरं कारण ‘शांतता’मध्ये पानोपानी सापडेल. नाटकातल्या गटातले सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक हे सगळे सुचवतात, सूचना हवेत सोडतात आणि दुसऱ्याने ती उचलायची वाट बघतात. चारित्र्यहनन हे सामूहिक काम आहे. ठिपके हे ते काम वाटून घेण्याची जागा आहेत.

तालमीत मी असं करतो. नाट्यवाचनाच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक नटाने ठिपक्यांच्या जागी न बोललेलं वाक्य मोठ्याने बोलायचं. समजा वाक्य आहे, ‘मी म्हणत होते की... चहा ठेवू का?’ (हे मी उदाहरणापुरतं केलेलं वाक्य, संहितेतलं नव्हे.) नटीने तालमीत म्हणायचं, ‘मी म्हणत होते की तुम्ही तिच्याबद्दल असं बोलू नका, चहा ठेवू का?’ चार-पाच दिवस असं पुरं बोलायचं. मग ते मधलं वाक्य गिळायचं. गिळलेलं वाक्य चेहऱ्यावर नाही आलं तरी चालतं, ते श्वासात येतं. ज्या नटाने हे केलेलं नसतं तो ठिपक्यांवर नुसता थांबतो, आणि प्रेक्षकाला वाटतं, हा विसरला.

तिसऱ्या बाईचं काम इथे आहे. तिच्याकडे एक वही द्या. कोणत्या पानावर, कोणत्या पात्राने, कोणत्या दिवशी कोणतं वाक्य गिळलं याची नोंद तिने ठेवायची. पंधरा दिवसांनी वही उघडली की कळतं, अमुक नटाचं गिळलेलं वाक्य रोज बदलतंय, म्हणजे त्याला आपलं पात्र अजून सापडलेलं नाही. तमुकचं पहिल्या दिवसापासून तेच आहे, म्हणजे तो तालमीत समोरच्याचं ऐकतच नाहीये. दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं. प्रॉम्प्टिंगलाही तिलाच बसवा. जागा कुठे खरी आहे आणि विसर कुठे पडलाय हे तिच्याइतकं कुणालाच कळणार नाही. विंगेतून नको तिथे शब्द फेकला गेल्यामुळे चांगली शांतता मोडलेली मी खूपदा पाहिली आहे.

बेणारे करणाऱ्या मुलीला पहिल्या अंकात दुःखाला शिवू देऊ नका. बेणारे हसते, गाते, नकला करते, गटातल्या मोठ्या माणसांची टर उडवते, आपल्या वर्गातल्या मुलांबद्दल भरभरून बोलते. शाळेत वेळेवर जाण्याचा तिला अभिमान आहे. ती सामंताशी ज्या मोकळेपणाने बोलते तो मोकळेपणा खरा आहे. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून नट्या पहिल्या प्रवेशापासून डोळ्यांच्या कडेला एक व्यथा घेऊन वावरतात. मग गटातल्या लोकांना तिचा राग का येतो, हेच प्रेक्षकाला कळत नाही. त्यांना तिचं हसणं सहन होत नाही. एक कमावती, एकटी बाई, जी कुणाला भीत नाही, तिचं ते हसू पुरं ऐकू आलं पाहिजे. पोंक्षे तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेन्टीच्या, म्हणजे ढेकूण मारायच्या विषाच्या, बाटलीचा उल्लेख करतो तेव्हा प्रेक्षकाने दचकायचं असेल, तर तोवर त्याला ती बाटली कुठे असू शकेल याची पुसट शंकाही यायला नको.

स्वगताकडे येतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगात बेणारे करणारी मुलगी ताकदीची होती. स्वगत तिने असं काही म्हटलं की थिएटर टाळ्यांनी भरून गेलं. विंगेत मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा मात्र ती टाळी डोक्यातून जाईना. एक बाई चिरडली जात असताना लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या? आम्ही त्यांना भाषण दिलं होतं. भाषणाला टाळी पडते.

संहिता पुन्हा वाचली. त्या जागी काय लिहिलंय ते नीट बघा. काशीकर न्यायाधीश म्हणून आरोपीला बोलायला वेळ देतो, दहा सेकंद. ती बोलत नाही. मग सगळे गोठतात आणि तिचं ते लांबलचक स्वगत येतं. ते संपतं तेव्हा कोर्ट जिथे होतं तिथूनच पुढे चालू होतं, कुणी काही ऐकलेलं नाही. म्हणजे ती काहीच बोललेली नाही. त्या दहा सेकंदांत तिच्या आत जे चाललं ते आपण ऐकलं, एवढंच. मामावर जडलेलं कोवळ्या वयातलं पहिलं प्रेम, बुद्धीची पूजा म्हणून गटातल्याच प्राध्यापक दामलेकडे वळलेलं मन, तिथेही शेवटी देहच उरला हा अनुभव, आणि पोटातल्या मुलासाठी तरी जगायची इच्छा. हे सगळं न उच्चारलेलं आहे. दामले नाटकभर रंगमंचावर येत नाही, त्याचं रिकामं स्टूल मात्र असतं. ज्याने बोलायला हवं तो हजर नाही, आणि जी हजर आहे तिचं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही.

पुढच्या प्रयोगात आम्ही एकच बदल केला. काशीकरच्या हातात घड्याळ होतं. त्याने वेळ दिली, घड्याळाकडे बघितलं, सगळे स्थिर. तिने स्वगत जवळजवळ संथ, वर्गात फळ्याकडे पाठ करून स्वतःशी बोलावं तसं सुरू केलं. आवाज वाढला तो एका-दोन ठिकाणीच. स्वगत संपल्यावर काशीकरने त्याच हालचालीत घड्याळावरची नजर उचलली आणि वेळ संपल्याचं सांगितलं. टाळी पडली नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर पदर धरलेला मला विंगेतून दिसला. तुम्ही घड्याळ घ्या, न घ्या. पण हे दहा सेकंद आहेत, ही गोष्ट बेणारेने आणि बाकीच्या सातही जणांनी मनात धरली पाहिजे. गोठलेल्या नटांनी डोळे मिटू नयेत, श्वास दिसू देऊ नये, आणि मुख्य म्हणजे तिचं ऐकतोय असा चेहरा ठेवू नये. हे फार कठीण जातं. ती मुलगी चांगली बोलत असेल तर सोबतच्या नटांचे डोळे भरून येतात. मग नाटक मोडतं.

सामंताची भूमिका गटातल्या सर्वांत सज्जन माणसाला द्या आणि त्याला विनोद करू देऊ नका. तो साक्षीला उभा राहतो तेव्हा हातातल्या एका कादंबरीतला मजकूर आपला अनुभव म्हणून सांगतो, खेळ आहे या समजुतीने. त्या निरागस साक्षीने बेणारे अधिक अडकते. आपण कुणाचं तरी भलं करतोय असं शेवटपर्यंत वाटणारा माणूस नाटकात असणं, ही तेंडुलकरांची खासियत आहे. लहान मुलासाठी आणलेला तो हिरवा पोपट त्याच्या हातात असतो, त्याची नीट काळजी घ्या. शेवटी तो पोपट तो बेणारेजवळ ठेवतो. प्लॅस्टिकचा चकचकीत घेऊ नका, जवळच्या माणसाने शिवलेला असावा.

आता इतर नाटकांबद्दल थोडं, कारण तुमच्या गटातल्या कुणीतरी ‘सखाराम बाइंडर’ सुचवलं असणारच. पाचच पात्रं आहेत, मोह होतो. 1972 साली कमलाकर सारंग यांनी ते केलं तेव्हा सखारामच्या भूमिकेत निळू फुले होते आणि चंपा लालन सारंग. सेन्सॉरशी झगडा झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. लोकांना ते शिव्यांचं आणि उघड्या संबंधांचं नाटक म्हणून आठवतं. मला ते लक्ष्मीचं नाटक वाटतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला सखाराम घरात आणतो, नियम स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर साडी, थोडे पैसे आणि तिकीट देऊन निरोप देतो. तो क्रूर आहे, पण लपवत काही नाही. लक्ष्मी देवभोळी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी, मार खाऊनही पूजा न चुकवणारी. आणि शेवटी सखारामच्या हातून चंपाचा, तिच्यानंतर घरात आणलेल्या बाईचा, खून झाल्यावर शांतपणे पुढचं सांभाळणारी तीच. आमच्या प्रयोगानंतर गावातले एक वृद्ध कीर्तनकार मला म्हणाले, ‘सखारामाची भीती नाही वाटली, तिची वाटली.’ नाटक कुणाला पुरतं कळलं असेल तर त्यांना. पण ही लक्ष्मी करायला चाळिशीच्या पुढची, स्वतः श्रद्धाळू असलेली आणि त्या श्रद्धेला न घाबरणारी नटी लागते. ती मिळेपर्यंत थांबा. नुसती ‘मुखवट्याची बाई’ म्हणून लक्ष्मी केली की हाती काही लागत नाही.

‘गिधाडे’ही आत्ता नको. ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेलं, 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. साडीवरच्या रक्ताच्या डागावर परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाने, घेतलेल्या हरकतीची हकिकत नाट्यवर्तुळात अजून सांगितली जाते. बाप, दोन मुलगे, मुलगी, सून रमा, आणि घराबाहेर काढलेला अनौरस मुलगा रजनीनाथ. पैशापायी ही माणसं एकमेकांना फाडतात. अडचण अशी की पहिल्या मिनिटापासून आवाज वरच्या पट्टीत असतो, आणि नवख्या नटांना तिथून खाली यायचं शिकवणं माझ्या तरी हातून झालेलं नाही. गप्प राहणाऱ्या रमेकडून सुरुवात केली तर कदाचित मार्ग सापडेल.

‘घाशीराम कोतवाल’ तुम्हाला करताच येणार नाही, आणि ते मी मनापासून हळहळत सांगतोय, कारण आपल्या भाषेत समूहाचा असा वापर मी दुसरा पाहिलेला नाही. बारा ब्राह्मणांची रांग हीच भिंत, हाच पडदा. ती भिंत डुलते, गाते, पाठ फिरवते, आणि तिच्यामागे काय चाललंय ते दाखवते किंवा झाकते. कोकणातले खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन यांतून उचललेल्या चालीरीती त्यात अशा मिसळल्या आहेत की सांधा दिसत नाही. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर. 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या ‘पीडीए’ (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) संस्थेने ते थांबवलं. त्या मुलांनी बाहेर पडून 1973 मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा सुरू केलं, 1980 मध्ये युरोपात नेलं. हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं तेंडुलकर सांगत राहिले. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम तयार करते आणि काम झालं की त्याला जमावाच्या हाती देते, त्याची ही गोष्ट. पण त्याला गाणारे, नाचणारे पंचवीस-तीस जण आणि सहा महिने लागतात. नऊ जणांत केलेला ‘घाशीराम’ मी पाहिला आहे. भिंत चार माणसांची होती. तिच्यामागचं सगळं दिसत होतं.

‘कमला’ आणि ‘कन्यादान’ तुमच्या आवाक्यातली आहेत. ‘कमला’ 1981 चं. एका पत्रकाराने बाजारातून बाई विकत घेऊन माणसांची खरेदी-विक्री उघडकीला आणली, त्या खऱ्या घटनेवरून सुचलेलं. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव तिला अडीचशे रुपयांना घेऊन दिल्लीच्या घरी आणतो. मग कमला त्याच्या बायकोला, सरिताला विचारते की तुला केवढ्याला घेतलं? हा प्रश्न ती अगदी घरगुती सुरात विचारते, भाजीचा भाव विचारावा तसा. नटीने त्याला जराही वजन दिलं की तो पडतो. माझ्या मते अख्ख्या नाटकात ही एकच जागा अशी आहे की तिच्यासाठी बाकीचं नाटक करावं. शेवटाकडे ते जरा समजावून सांगायला लागतं.

‘कन्यादान’ (1983) मात्र घाईने घेऊ नका. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर आपल्या मुलीच्या, ज्योतीच्या, दलित कवी अरुण आठवलेशी होणाऱ्या लग्नाला तत्त्व म्हणून पाठिंबा देतात, आणि तिची जी परवड होते तिच्यापुढे त्यांची तत्त्वं उघडी पडतात. या नाटकासाठी तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळाला, आणि याच नाटकापायी आपल्यावर चप्पलही फेकली गेली असं त्यांनी त्या वेळी सांगितलं. दलित वाचक-प्रेक्षकांचा राग मला समजतो. अरुणच्या हिंसेमागचा इतिहास संहितेत तुटक येतो आणि ज्योतीचं सोसणं मात्र डोळ्यांसमोर घडतं. मी ते केलं तेव्हा आमच्या अरुणने, जो स्वतः त्या वस्तीत वाढला होता, मला थांबवून सांगितलं, ‘सर, मी इथे खलनायक होणार असेन तर मी करणार नाही.’ मग आम्ही सगळं वजन नाथवर टाकलं. माणसाला माणूस म्हणून न बघता आपल्या प्रयोगाचा पुरावा म्हणून बघणारा सुधारक. नाटक त्याने बरंच सावरलं, सगळं नाही. गटात तसं उघड बोलता येईल एवढा विश्वास आला की मग हे नाटक हाती घ्या.

जुनं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. संदर्भ जुने आहेत हे खरं. जॉन्सन कोण हे तुमच्या गटातल्या मुलांना शोधावं लागेल. टिक-ट्वेन्टी माहीत नसेल. तरी बदलू नका. मागे एका गटाने खटला मोबाइलवर चित्रित होतोय असं दाखवलं होतं. प्रेक्षकाच्या मनात जे आपोआप येणार होतं ते त्याच्या हातात कोंबल्यासारखं झालं. एखाद्या बाईचं खासगी आयुष्य चौघांनी मिळून चघळणं, त्यात कायद्याची, समाजहिताची भाषा वापरणं, आणि संपल्यावर ‘मनाला लावून घेऊ नको, गंमत होती’ म्हणून निघून जाणं. तुमच्या गावात हे गेल्या महिन्यात कुठेतरी घडलेलंच असेल. प्रेक्षक ते बरोबर घेऊन येतो.

संहिता हातात धरण्याआधी गटाने थोडं इतर वाचावं. ‘शांतता’वर लिहिलेलं नको, तेंडुलकरांचंच. ‘राजाराणीला घाम हवा’सारखी त्यांची मुलांची नाटकं मोठ्याने वाचा. वाक्य किती छोटं असू शकतं ते कळेल, आणि तालमीत हसू येईल. मग ‘श्रीमंत’, ‘माणूस नावाचे बेट’. त्यांनी मोहन राकेश यांचं ‘आधे अधुरे’ आणि गिरीश कार्नाड यांचं ‘तुघलक’ मराठीत आणलं, तेही वाचा. दुसऱ्याच्या घरातली भाषा आपल्या कानाला लावताना हा लेखक काय जपतो, काय सोडतो, ते तिथे दिसतं. आठ दिवस एवढं पुरे.

परवानगीचं विसरू नका. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या संहितांवरचे हक्क अजून बरीच वर्षं चालू राहणार. हक्कदारांची लेखी परवानगी आणि परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ही दोन्ही कामं तालमीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा. स्पर्धेच्या वेळेत बसवायला संहिता कापावी लागली तर परवानगी मागतानाच तसं कळवा. आणि कापायची वेळ आलीच तर पहिल्या अंकातल्या गप्पा कापू नका. सगळे तेच कापतात, कारण ‘तिथे काही घडत नाही’.

राहिली दाराची कडी. नेपथ्य कितीही साधं ठेवा, दोन खुर्च्या, एक टेबल, एक स्टूल. पण दार खरं हवं आणि त्याला लोखंडी कडी हवी. नाटकाच्या सुरुवातीलाच बेणारेचं बोट त्या कडीत चेमटतं. ती बोट चोखत हसते आणि पुढे बोलू लागते. नंतर तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा तीच कडी बाहेरून अडकलेली असते आणि दार उघडत नाही. थर्माकोलच्या दाराला रंगवलेल्या कडीचा आवाज येत नाही. गावातल्या लोहाराकडून करून घ्या आणि पहिल्या तालमीपासून वापरा, म्हणजे त्या आवाजाची सगळ्यांना सवय होईल, बेणारे सोडून. तिच्या तालमी सुरुवातीला दाराशिवाय घ्या. ती कडी तिने पहिल्यांदा ऐकावी ती तिसरा अंक बसवायच्या दिवशी.